घरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवतोयस? आधी हे वाच
अरे भावा, बॅटरीची निगेटिव्ह काढ, फोर बाय फोर गाडी चार दणकट स्टँडवर घे, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. ऑइल काढ, प्रोपेलर शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) खुणा कर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आधी वेगळी उतरव, इंजिनला खालून आधार दे. जॅक, सील वगैरे पुण्यात नाना पेठेत बघ.

खरी मेख टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्याची. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने फिरवत कन्व्हर्टरचे इंजिनकडचे बोल्ट एकेक सोडव, मोजून. माझा एक राहिला होता, बॉक्स मागे ओढला तर कन्व्हर्टर इंजिनलाच लटकला आणि पार्किंगभर लाल तेल. बसवताना तो फिरवत गिअरबॉक्सच्या आत ढकल, टक टक करत खोल बसतो, पूर्ण न बसवता तसाच बोल्टने ओढून घेतलास तर गिअरबॉक्सचा तेलपंप गेलाच समज.