वही भरलेली, तरी वाचता येईना

माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न आता मला पाठ झालाय. ‘लेकरू एवढ्या वर्गात गेलं तरी वाचता येईना, त्याच्या डोक्यात काही कमी आहे का?’

मुलांच्या वाचनाच्या अशा अडचणी ऐकायला मी पुण्यात कात्रजच्या बाजूच्या एका वस्तीत आठवड्यातून दोनदा बसते. तिथे बीडकडची एक बाई चौथीतल्या मुलाला घेऊन आली. (नावं सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदललेत.) नवरा मार्केट यार्डात हमाल, ती चार घरची धुणीभांडी करते. आल्या आल्या तिने पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. अक्षर सुबक, गृहपाठ पुरा, पानोपानी ‘छान’चा शेरा.

“बगा मॅडम, वही भरलेली हाय. ट्यूशनला म्हैन्याचे चारशे देते. पण दुकानाची पाटी वाच म्हटलं की गप उभं राहतंय.”

मी त्याला पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला सांगितला. त्याने तो घडाघडा म्हणून दाखवला, पण बोट तिसऱ्याच ओळीवर होतं. मग कधी न पाहिलेल्या गोष्टीचं पान दिलं. तिथे अक्षरं ओळखली, काना जमला, वेलांटी लागली की गाडी थांबली. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची सरमिसळ. जोडाक्षर आलं की मान खाली. वही फळ्यावरून उतरवलेली होती, धडा ऐकून पाठ केलेला.

डोक्यात कमी असतं तर धडा पाठ झाला असता का? हेच मी ताईंना विचारलं. मग मागचं निघालं. पहिली लॉकडाऊनमध्ये गेली, घरात एकच साधा मोबाईल. दुसरीच्या वर्षी दिवाळीनंतर नवरा-बायको उचल घेऊन ऊसतोडीला गेले, मुलगाही कारखान्याच्या तळावर कोपीत (तोडणी कामगारांच्या झोपडीत), धाकट्या बहिणीला सांभाळत. परत येईपर्यंत परीक्षा तोंडावर. ज्या दोन वर्षांत बाराखडी हातात बसते, ती त्याला मिळालीच नाहीत, आणि वर्ग मात्र पुढे सरकत गेला. तो एकटा नव्हे. मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या १०० मुलांपैकी साधारण ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता.

डोळे आणि कान तपासून घ्या, एवढं मी सांगितलंच. वाचन-अक्षमता खरी असते. ती असलेल्या एका मुलीला ‘सराव कमी पडतोय’ म्हणत मी वर्षभर थांबवून ठेवलं होतं, ती चूक अजून टोचते. म्हणून आता मुदत ठरवते : तीन महिने नीट शिकवणं मिळू दे, तरी अक्षरं हलली नाहीत तर रुग्णालयात तपासणी.

शिकवणं कुठे मिळणार? वस्तीच्याच समाजमंदिरात एका संस्थेचा मोफत वाचनवर्ग संध्याकाळी भरतो. ताईंचा चेहरा पडला. “फुकटातलं काय असतंय ओ? अन् शिकवती कोण, तर आमच्याच गल्लीतली बारावी झालेली पोरगी.”

ही शंका मी सारखी ऐकते, आणि ती मूर्खपणाची नाही. फुकट रेशनाचा तांदूळ कसा असतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण गल्लीतल्या पोरीबद्दल मला उत्तर माहीत होतं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची काटेकोर पारख झाली. बालसखी म्हणजे अशाच वस्तीतल्या तरुण मुली. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं घेऊन बसत, आणि बालसखी मिळालेल्या वर्गांतल्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा चांगली झाली. पारख करणाऱ्या अर्थतज्ज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं. अर्थात ताईंना मी नोबेल सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस दारात उभं राहून बघा.

चूक मी दुसरीकडे केली. मुलासमोरच म्हणाले, तिथे इयत्तेप्रमाणे नाही, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करतात. तो एकदम म्हणाला, “मी दुसरीतल्या बारक्यांत नाही बसणार. मी ढ नाहीये.” आणि दोन आठवडे आलाच नाही.

त्याला परत आणलं टेंपोंनी. रविवारी बापाबरोबर मार्केट यार्डात गेला की तो टेंपोंमागचं लिहिलेलं बघत फिरे. ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ हे तो चित्रासारखं ओळखायचा. वर्गातल्या दीदीला मी हे सांगितलं. तिने त्यालाच खडू देऊन फरशीवर ती ओळ लिहायला लावली, मग ‘भवानी’तली अक्षरं सुटी करून वनी, नभा, भानी असे खरेखोटे शब्द सगळ्या गटाने बनवले. बारकी पोरं त्याला नव्या टेंपोची ओळ विचारू लागली. बहिणीलाही आणायची परवानगी मिळाली, नाहीतर संध्याकाळी तिला सांभाळायचं कोणी? (बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, ती याच अडचणीपायी. आजही कित्येक वर्ग हे विसरून वेळापत्रक लावतात.)

घरचं काम ताईंकडे. “मला अडाणीला काय कळणार?” मी म्हटलं, भाकरी थापताना त्याने दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं, तुम्ही फक्त ऐकायचं. गोष्ट कळली नाही तर ‘काय म्हणालास?’ असं विचारायचं. ओरडायचं नाही.

महिन्याभराने त्या हसतच आल्या. “काल वाचत होता, म्हातारीनं पैशे पोटात ठेवले. मी म्हटलं, आरं, पोटात कसे ठेवील? पुन्यांदा बघ. तर ते पेटीत निघालं!” मात्रा आणि काना-मात्रा यांतला फरक दाखवायला आम्ही तक्ते लावतो; या बाईने तो गोष्टीच्या अर्थावरून कानाने पकडला होता.

तीन महिन्यांनी तो छोटा परिच्छेद अडखळत, पण स्वतः वाचू लागला. रुग्णालयाची गरज पडली नाही. पूर्ण गोष्ट अजून दमवते, ‘प्रसन्न’ अजून पाठांतरावरच चालतं. शाळेतली वही मात्र आता तेवढी भरलेली नसते, कारण फळ्यावरचं उतरवताना तो वाचत बसतो. बाईंची तक्रार आलीय, त्यांच्याशी मला बोलावं लागणार आहे.

ट्यूशनच्या चारशेंचं काय झालं, मी विचारलं.

“ते व्हय? गॅसच्या टाकीत गेले बगा.”