एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बीसी५४७ ट्रान्झिस्टर वापरून ब्रेडबोर्डवर एफएम ट्रान्समीटर जोडला. ९ व्होल्टची बॅटरी, कंडेन्सर माइक, कॉइल, सगळं आहे. पण रेडिओवर काहीच लागत नाही. (विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आधी ब्रेडबोर्ड बाजूला ठेवा. त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येच दोन-चार पिकोफॅरड (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचं, म्हणजे कपॅसिटीचं, एकक) तयार होतात आणि १०० मेगाहर्ट्झला तुमच्या कॉइलला लागणारी एकूण कपॅसिटी साधारण २४ पिकोफॅरड असते. झिरो पीसीबीवर (शिसं लावून जोडण्यासाठी भोकं पाडलेल्या तयार पट्टीवर) जोडा आणि पार्ट्‌सचे पाय आखूड कापा.

कॉइल २२ गेजच्या एनॅमल तारेची : ५ मिमीच्या ड्रिलवर ५ वेढे, वेढे किंचित ताणून एकूण लांबी ५ मिमी. तारेची टोकं पात्याने खरवडून तांबं लख्ख दिसू द्या. वार्निशवर शिसं चिकटल्यासारखं दिसतं, पण जोड लागलेला नसतो. निम्मी मुकी सर्किटं इथेच अडकतात.

कॉइल ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि प्लसच्या मध्ये, तिला समांतर ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून कमी-जास्त करता येणारा कपॅसिटर). कलेक्टर ते एमिटर ४.७ पिकोफॅरड, हा नसेल तर सर्किट ऑसिलेटच होणार नाही, म्हणजे रेडिओ लहरीच तयार होणार नाहीत. एमिटर ते मायनस ४७० ओहम. बेसला प्लसकडून २७ के (२७ हजार ओहमचा रेझिस्टर), मायनसकडे १० के आणि १०२ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर. माइकला प्लसकडून १० के द्या, तिथून १०४ नंबरच्या कपॅसिटरमधून बेसला. आणखी एक १०४ कॉइलजवळ प्लस-मायनसमध्ये. माइकचा जो पाय पत्र्याच्या डबीला जोडलेला दिसतो, तो मायनस.

आता मल्टिमीटर लावा. एमिटरवर १.७ व्होल्टच्या आसपास हवेत. शून्य किंवा भलताच आकडा आला तर ट्रान्झिस्टर उलटा बसलाय का ते पाहा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टूएन३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचे बरोबर उलटे, आणि नेटवरची बरीच चित्रं त्याचीच असतात.

व्होल्टेज ठीक असेल तर रेडिओ रिकाम्या जागी लावा; आकाशवाणीच्या १०२.७ आणि टोमॅटो एफएमच्या ९४.३ पासून लांब. प्लॅस्टिकच्या पेचकसने ट्रिमर अगदी सावकाश फिरवा. जिथे खरखर एकदम थांबते, तिथे तुमचं सर्किट बोलतंय. शिट्टी वाजू लागली तर रेडिओचा आवाज कमी करा. काट्याचा जुना रेडिओ असेल तर उत्तम. आकड्यांचा रेडिओ ठरावीक टप्प्यांनी उड्या मारतो आणि आपलं सर्किट नेमकं दोन टप्प्यांच्या मध्ये बसलेलं असतं.

प्रश्न : लागतं, पण आवाज गोधडीतून आल्यासारखा. हात जवळ नेला की स्टेशन सरकतं. (इचलकरंजी)

उत्तर : बेसवर १०२ ऐवजी १०४ बसला असणार. तो रेडिओ फ्रिक्वेन्सीबरोबर बोलण्यातली वरची पट्टीही मायनसला घालवतो. बारीक अक्षरातला एवढा एक आकडा तपासा. हात नेल्यावर सरकतं, कारण अँटेना थेट कलेक्टरवर आहे. ती तिथून काढून कॉइलच्या प्लसकडच्या टोकापासून एका वेढ्यावर जोडा. ताकद घटेल, पण स्टेशन जागेवर राहील. बॅटरी उतरली तरी थोडं सरकणारच, कारण व्होल्टेज बदललं की ट्रान्झिस्टरच्या आतली कपॅसिटीही बदलते. पण त्यावर उपाय म्हणून मोबाईलचा चार्जर जोडू नका, त्याची किणकिण आवाजात मिसळते.

प्रश्न : गणपतीत मंडळाच्या देखाव्याचं निवेदन पेठेतल्या घरोघरी रेडिओवर ऐकवायचंय. अँटेना किती लांब लावू? (शिवाजी पेठ)

उत्तर : लावूच नका. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानाधारक केंद्रांचा आहे; विनापरवाना प्रसारण १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार गुन्हा होता, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सुटका नाही. शिवाय १०८ च्या वर लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो. कॉइलचे वेढे जरा जास्त ताणले गेले की असलं सर्किट सहज तिकडे घुसतं आणि उजळाईवाडीचा विमानतळ काही लांब नाही. शिकण्यापुरतं टेबलावर, १० सेंटिमीटरची तार, काम झालं की बॅटरी काढलेली, एवढंच. हॅम (हौशी) रेडिओचा परवाना काढलात तरी त्यावर प्रसारण चालत नाही. निवेदनासाठी ॲम्प्लिफायरपासून स्पीकरची वायर ओढा.