प्रत्येक वाक्याला माणूस हवा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

इस्लाम आणि राज्यसंस्था या विषयावरच्या तुमच्या चर्चासत्राचा मसुदा आणि सोबतचं लांबलचक पत्र, दोन्ही वाचलं. मसुद्यापेक्षा पत्र बरं आहे, कारण पत्रात तू खरी अडचण लिहिली आहेस. विभागप्रमुख म्हणतात विषय नाजूक आहे, शीर्षक बदला. मोहल्ल्यातले चाचा म्हणतात उद्घाटनाला मौलानांनाच बसवा. समितीतली निम्मी मुलं इस्लाम लोकशाहीला पोषक आहे हे सिद्ध करायला निघाली आहेत, उरलेली निम्मी तो नाही हे सिद्ध करायला. आणि मला तू विचारतेस, 'सर, आपण कोणती बाजू घ्यायची?'

बाजू कसली घेतेस? आधी मसुदा नीट बघ. पहिलं सत्र : 'राज्यसंस्थेविषयी इस्लाम काय म्हणतो'. दुसरं : 'इस्लाम आणि लोकशाही'. तिसरं : 'इस्लाम आणि राष्ट्रवाद'. तिन्हींत मिळून एक माणूस नाही, एक गाव नाही, एक साल नाही. अशा सत्रांत जो तो घरून आणलेलं मत वाचून दाखवतो आणि तेच घेऊन घरी जातो. मी अशा कार्यक्रमांना आयुष्यभर बसलोय. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि शेवटी 'आजच्या काळात या विषयाची नितांत गरज आहे'.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पत्रभर बोलणार आहे, कंटाळू नकोस. तुमच्या चर्चासत्रात 'इस्लाम म्हणतो' हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही. कोण म्हणालं, कुठे बसून म्हणालं, कोणत्या साली म्हणालं आणि तेव्हा गादीवर कोण होतं, हे सांगता आलं तरच माइक हातात घ्यायचा. मौलानांना हा नियम, विभागप्रमुखांना हाच, समितीतल्या दोन्ही निम्म्यांनाही हाच.

मावर्दीपासून सुरुवात कर. 'अल-अहकाम अल-सुल्तानिया' हे त्याचं पुस्तक म्हणजे 'इस्लामी राज्यशास्त्र' म्हणून जो तो उद्धृत करतो. खलिफा, म्हणजे मुसलमानांचा प्रमुख, कसा असावा याच्या सात अटी त्यात आहेत, शेवटची प्रेषितांच्या कुरैश कुळातला असण्याची. मुलं त्या सात अटी फळ्यावर लिहितात आणि संपलं. पण मावर्दी कुठे बसून लिहीत होता? बगदादमध्ये, अकराव्या शतकात. तिथे इ. स. ९४५ पासून सत्ता बुवैही सरदारांची होती. ते शिया, अब्बासी खलिफा सुन्नी, आणि खलिफाच्या हातात फर्मानापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. मावर्दी त्या खलिफाच्या बाजूचा न्यायाधीश, त्याचा वकील म्हणून दरबारादरबारांत वाटाघाटी करणारा. १०५५ मध्ये सेल्जुक तुघ्रिल बगदादेत शिरला आणि १०५८ मध्ये मावर्दी वारला. हे कळल्यावर तेच पुस्तक पुन्हा उघड. त्यात एक प्रकरण असं आहे की एखाद्याने तलवारीच्या जोरावर प्रांत बळकावला तर खलिफाने त्याला रीतसर नेमणूक द्यावी, म्हणजे निदान शरियतचे व्यवहार चालू राहतील. ही आदर्श राज्याची घटना नाही. नाकापर्यंत पाणी आलेल्या माणसाने काढलेली वाट आहे. तो हुशार होता, लाचार नव्हता, असं माझं मत. तुझं वेगळं असेल तर मांड, पण मांडताना बगदाद सोडू नकोस.

दुसरं सत्र तुझ्या घराजवळचं आहे. दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याच्या 'तारीख-ए-फिरोजशाही'त अल्लाउद्दीन खलजी आणि काझी मुघीस यांचा संवाद आहे. सुलतान विचारतो : मी सुलतान नव्हतो, नुसता मलिक म्हणजे सरदार होतो, तेव्हा देवगिरीहून जी संपत्ती आणली, ती माझी की बैतुलमालची, म्हणजे सार्वजनिक खजिन्याची? काझी आधी म्हणतो की माझी मरणवेळ जवळ आलेली दिसते. मग स्पष्ट सांगतो : ती इस्लामी फौजेच्या बळावर मिळाली, तुमची खासगी नव्हे. चर्चेच्या शेवटी सुलतान म्हणतो की शरियतला हे मान्य आहे की नाही ते मला माहीत नाही, राज्याच्या हिताचं वाटतं तो हुकूम मी देतो. बघ, १२९६ ची देवगिरीची लूट, आपल्या यादवांचा खजिना, आणि त्यावरून दिल्लीत राज्याच्या मालकीचा वाद. याहून चांगला विषय तुमच्या विद्यार्थ्यांना कुठून मिळणार आहे?

पण इथेही विचार : हे लिहिलं कुणी, कधी? बरनीने, अल्लाउद्दीन मेल्यावर चाळीस वर्षांनी, मुहंमद तुघलकाच्या दरबारातली जागा गेल्यावर, उतारवयात, हलाखीत. संवाद कुणी टिपून घेतलेला नव्हता. सुलतानाच्या तोंडी काय घालायचं आणि काझीच्या तोंडी काय, हे बरनी ठरवतो. त्याचं दुसरं पुस्तक, 'फतावा-ए-जहाँदारी', एखाद्या मुलीला देऊन बघ. त्यात तो राजाला बजावतो की हीन कुळातल्या लोकांना शिकू देऊ नका, ते शिकले तर राज्य बिघडेल. जोतीराव वाचलेल्या आपल्या मुलांना यावर बोलायला वेगळं सांगावं लागणार नाही. बरनी आपल्या मताला धर्माचा आधार देतो आणि त्याच्याच धर्माचे कितीतरी लोक ते झिडकारतात. मग 'इस्लाम' यातलं नक्की काय म्हणाला?

आता ज्या सत्रावर समितीत भांडण होणार, ते. १९३८. मौलाना हुसेन अहमद मदनी दिल्लीत म्हणाले की आजच्या काळात कौम, म्हणजे राष्ट्र, वतनावरून, म्हणजे मायदेशावरून ठरते. कवी इक्बाल आजारी होते, एप्रिलमध्ये गेले, पण जाण्याआधी त्यांनी मदनींवर फारसीत जळजळीत ओळी लिहिल्या आणि वर्तमानपत्रातून खुलासाही केला. मदनींनी उत्तर म्हणून पुस्तकच लिहिलं, मदिनेच्या कराराचा दाखला देऊन : तिथे मुस्लिम आणि यहुदी एका करारात एकत्र होते, मग हिंदुस्थानात का नाही? तिसरे अबुल आला मौदूदी, जन्म १९०३, औरंगाबाद. त्यांना मदनींचा संमिश्र राष्ट्रवाद मान्य नव्हता आणि मुस्लिम लीगचा राष्ट्रवादही नव्हता. १९४१ मध्ये त्यांनी लाहोरला जमाते-इस्लामी काढली. सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं, हा त्यांचा धोशा. तिघेही कुराण जाणणारे, श्रद्धावान, एकाच दशकात लिहिणारे. तिघांची तीन राज्यं. पुढे पाकिस्तानात १९५३ च्या अहमदिया पंथाविरुद्धच्या दंगलींची चौकशी झाली तेव्हा मुनीर आयोगाने उलेमांना विचारलं, मुसलमान कुणाला म्हणायचं? १९५४ च्या अहवालात नोंद आहे की कुणाही दोघांचं उत्तर जुळलं नाही. मी हे उलेमांची टिंगल म्हणून सांगत नाही. आपल्या संविधान सभेत मालमत्तेच्या हक्कावर तरी कुठे सगळ्यांचं एकमत होतं?

खिलाफतीचं सत्र ठेवायचंच असेल तर भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून सुरू कर, मुंबईतल्या मध्यवर्ती खिलाफत समितीपासून. मग ३ मार्च १९२४, अंकारा : ज्या खिलाफतीसाठी इथे वर्गण्या गोळा झाल्या ती तुर्कांच्याच सभेने मोडीत काढली. आणि १९२५ मध्ये कैरोत अली अब्द अल-राझिक नावाचा शरिया न्यायाधीश लिहितो की खिलाफत हा धर्माचा भागच नाही, प्रेषित राज्य स्थापायला आले नव्हते. कैरोच्या अल-अजहर या धर्मविद्यापीठाने त्याला उलेमांच्या यादीतून काढलं, नोकरी गेली. त्या वेळी इजिप्तचा राजा फुआद याला स्वतःला खलिफा व्हायची इच्छा होती, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. म्हणून पुन्हा तेच : गादीवर कोण होतं?

इराण आणि इंडोनेशिया एका निबंधात कोंबू नका, दोन्ही वाया जातील. एकच घ्यायचा तर मी इंडोनेशिया घेईन. १८ ऑगस्ट १९४५ ला घटनेतून शरियतचा उल्लेख वगळला गेला, त्यावर तिथले मुसलमान आपसांत किती वर्षं भांडले ते आपल्याकडे कुणी वाचत नाही.

कुणीतरी मोसुलबद्दल विचारेल, तू घाबरतेस ते कळतं. विचारू दे. जून २०१४ मध्ये इराकमधलं ते शहर बळकावणाऱ्या इसिसने आपल्या म्होरक्याला खलिफा जाहीर केलं. त्याच वर्षी जगभरच्या शंभरावर मुस्लिम विद्वानांनी त्याला जाहीर पत्र लिहून मुद्देसूद खोडून काढलं. पत्राची प्रत टेबलावर ठेव आणि म्हण, वाचून बोला. इसिसची सफाई द्यायची जबाबदारी तुझ्यावर कुणी टाकली असेल तर ती घेऊ नकोस. आणि हा प्रश्न आला की लगेच 'इस्लाम शांततेचा धर्म आहे' असं म्हणून मोकळी होऊ नकोस, तेही बिनमाणसाचंच वाक्य आहे.

शीर्षकाचं म्हणशील तर बदलून टाक. 'मध्ययुगीन व आधुनिक राज्यविचार' म्हण, काही बिघडत नाही. तू म्हणशील, सर, तुम्ही तर त्या वेळी ऐकलं नव्हतं. नव्हतंच ऐकलं. पण तिथे शीर्षकाचा प्रश्न नव्हता. मी नोकरीला होतो त्या एका संस्थेत असंच चर्चासत्र ठरलं होतं. वरून निरोप आला : एक वक्ता इस्लामची बाजू मांडेल, एक त्याचं खंडन करेल, मग अध्यक्षीय समारोप. म्हणजे मावर्दी नाही, बरनी नाही, मदनी नाही, नुसती कुस्ती. मी नाही म्हणालो, चर्चासत्र झालं नाही. सहकारी म्हणाले, सरांचा हट्ट, निदान काहीतरी झालं असतं. ते 'काहीतरी' मला नकोच होतं. आजही नको आहे. शीर्षक दे, मांडव दे, अध्यक्षांची खुर्ची हवी त्याला दे, चाचांचे मौलाना उद्घाटनाला खुशाल बसव. सत्रांची यादी मात्र कुणाच्या हातात देऊ नकोस.

एक गोष्ट मला आयुष्यात जमली नाही, ती तुमच्याकडून व्हावी असं वाटतं. मला अरबी येत नाही, फारसीही नाही. सगळा मावर्दी मी इंग्रजीतून वाचला. शिकवायला तयार असलेले मौलवीसाहेब हाकेच्या अंतरावर राहायचे, पेपर तपासण्यात आणि बैठकांत वर्षं गेली, ते गेले, राहून गेलं. तुमच्या शहरात अरबी वाचणारी मुलं मदरशात आहेत आणि इतिहास वाचणारी विद्यापीठात, आणि ती एकमेकांना लग्नातसुद्धा भेटत नाहीत. त्यांच्या जोड्या लाव. एका जोडीला एक ग्रंथ, त्यातली दोनच पानं. मूळ उतारा आणि मराठी भाषांतर यांच्या झेरॉक्स प्रती प्रत्येक श्रोत्याच्या हातात. वाचन पंधरा मिनिटं, प्रश्नोत्तरं त्याहून जास्त. भाषांतर करताना दोघं भांडतील, ते भांडण मंचावर येऊ दे, तोच खरा कार्यक्रम. एका दिवसात चार निबंध झाले तरी खूप झाले. चाळीस निबंधांची आयएसबीएनवाली पुस्तिका काढून प्रमाणपत्रं वाटायची असतील तर मला कळवूही नकोस.

आणि शेवटी ठराव मांडायचा असं मसुद्यात आहे. ते काढ. मदनी आणि इक्बाल यांच्यात जे मिटलं नाही ते तुम्ही चहाच्या सुट्टीनंतर हात वर करून मिटवणार आहात काय?

तारीख धरताना रमजान आणि विद्यापीठाच्या परीक्षा दोन्ही बघ. शुक्रवार दुपार टाळ. मदरशाच्या मोहतमिमसाहेबांना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, भेटायला एकटी जाऊ नकोस आणि पोरांचा घोळकाही नेऊ नकोस, विभागातल्या एखाद्या मॅडमना बरोबर घे आणि मावर्दीची ती दोन पानं सोबत ठेव, म्हणजे बोलायला पहिल्या मिनिटापासून विषय असेल. बीजभाषणाला माझं नाव घातलंयस ते खोड. त्याऐवजी बरनीच्या जोडीचं भाषांतर तपासायला मी बसेन, फारसी येत नसली तरी मराठी कुठे अडखळते ते सांगू शकेन. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, सत्रांच्या नावांत माणसं घालून.

तुझे,
सर