जुगार, घोडी आणि पार्लमेंट

'इंग्लंडचे जुने पुढारी बघावं तेव्हा जुगारात, शिकारीत नाहीतर मेजवान्यांत. मग हे लोक राजकारण करायचे कधी?' असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: तिथेच करायचे.

लंडनला गेलो तेव्हा सेंट जेम्स स्ट्रीटवर मुद्दाम पायी फिरलो. व्हाइट्स क्लब आणि ब्रुक्स क्लब या एकाच रस्त्यावर आहेत, जवळजवळ समोरासमोर. एक टोरींचा अड्डा, दुसरा व्हिगांचा; हे तेव्हाचे दोन मुख्य राजकीय गट. पार्लमेंटही तिथून चालत जाण्यासारखं. पुस्तकात वाचून जे नीट उमगलं नव्हतं, ते हे अंतर पायाखालून गेल्यावर उमगलं. क्लबात ठरायचं आणि सभागृहात बोललं जायचं.

व्हिगांचा पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्सचंच बघा. फेब्रुवारी १७७२ मध्ये पार्लमेंटात इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर, म्हणजे त्याच्या धर्मतत्त्वांच्या यादीवर, चर्चा होती. तिच्या आधी हा गडी सलग २२ तास फाशांचा डाव खेळत बसला होता आणि ११,००० पौंड हरला होता! तसाच येऊन तो भाषणाला उभा राहिला. हे तो ज्या क्लबात खेळला, त्यातूनच पुढे ब्रुक्स झाला. तिथले खेळाडू नशीब फिरावं म्हणून कोट उलटा घालायचे, मनगटाची लेस मळू नये म्हणून हातावर चामड्याचे तुकडे बांधायचे आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून रुंद काठाची गवती टोपी घालायचे. हे चित्र डोळ्यांपुढे आणा. याच टेबलांभोवती व्हिगांची माणसं जोडली जात होती.

याचं मूळ पैशात आहे. त्या काळी खासदारांना पगार नव्हता. वर्षाला ४०० पौंड मिळायला लागले ते १९११ साली. तोवर घरच्या जमिनीचा खंड येतो तोच पार्लमेंटात बसणार. तेव्हा अधिवेशनाचं वेळापत्रकही त्याच्याच सोयीचं. १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्यांची शिकार सुरू होते, त्याच्या आसपास सगळ्यांना लंडन सोडायची घाई. डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी तर १८४७ पासून कित्येक दशकं कॉमन्सचं, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहाचं, कामकाज तहकूब व्हायचं.

डर्बीवरून लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या घोडेशौकीन खासदाराची गोष्ट सांगतो, मला ती फार लागते. पंतप्रधान पीलला धान्य कायदे, म्हणजे परदेशी धान्यावरची जकात, रद्द करायचे होते; त्या धोरणाशी लढायचं म्हणून त्यानं १८४६ मध्ये आपला शर्यतीच्या घोड्यांचा सगळा तबेला विकून टाकला. १८४८ ची डर्बी जिंकली सरप्लिसनं, म्हणजे त्यानंच विकलेल्या घोड्यानं. आणि दोनच दिवस आधी त्याचे साखरेच्या जकातीवरचे ठराव समितीनं फेटाळले होते. कॉमन्सच्या वाचनालयात त्याचा साथी डिझरायली (पुढे पंतप्रधान झालेला) याला तो भेटला तेव्हा नुसता कण्हत होता. आयुष्यभर ज्यासाठी धडपडलो तेच मी कशापायी सोडलं, म्हणत होता. त्याच सप्टेंबरात, ४६ व्या वर्षी तो गेला.

बायकांना क्लबात मज्जाव होता, पण राजकारण त्यांच्या दिवाणखान्यातही व्हायचं. पुढे पंतप्रधान झालेल्या लॉर्ड पामर्स्टनची बायको, लेडी पामर्स्टन, हिच्या शनिवारच्या मेजवान्या प्रसिद्ध होत्या. पक्षात चुळबुळ करणारा खासदार तिच्या एका आमंत्रणानं जागेवर यायचा. पामर्स्टनच्या यशात तिचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं बदलल्याची खूण म्हणजे चेकर्स. खासदार आर्थर ली यांनी आपलं हे खेड्यातलं घर १९१७ मध्ये पंतप्रधानांसाठी देऊन टाकलं. इथून पुढे स्वतःची वाडी-वतनं नसलेली माणसंही त्या पदावर येतील, हे त्यांनी ओळखलं होतं. १९२१ मध्ये तिथे पहिले राहायला गेले पंतप्रधान लॉइड जॉर्ज, वेल्समधल्या एका चांभार मामानं वाढवलेले.