जेवून गेलात, घोळ तिथंच असावा

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आलो. तुम्ही सहा महिन्यांत पाच किलो वजन उतरवलं, तरी फायब्रोस्कॅनवर (यकृतातली चरबी आणि यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) कॅप, म्हणजे चरबीचा आकडा, 268 वरून 301 वर गेला आणि कडकपणा 5.2 वरून 8.9 किलोपास्कलवर. त्यातच तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘दुपारी जेवूनच गेलो होतो.’ माझ्या मते अख्ख्या पोस्टमधलं कामाचं वाक्य तेवढंच आहे. (मी डॉक्टर नाही, फक्त पोळलेला पेशंट आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)

हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. चरबीच्या थेंबांतून जाताना ध्वनिलहर लवकर क्षीण होते. ती किती क्षीण झाली ते कॅप सांगतो, डेसिबल प्रति मीटरमध्ये. किलोपास्कलचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा मात्र प्रोबने (अंगावर टेकवायच्या दांड्याने) बरगड्यांमध्ये दिलेल्या टिचकीतून येतो. त्या टिचकीची लहर यकृतातून जितकी वेगाने धावेल तितकं यकृत कडक. आता जेवणानंतर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो, ते तात्पुरतं ताठतं आणि आकडा फुगतो. म्हणून किमान तीन तास पोट रिकामं हवं.

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ज्या सेंटरमध्ये गेलो तिथं मी स्वतःहून विचारलं होतं, तर काउंटरवरून उत्तर आलं, ‘खाल्लेलं चालतं, ही काय रक्ताची तपासणी नाही.’ झालं! 9.8 किलोपास्कल आले, आणि रिपोर्टवर एकच ओळ: फॅटी लिव्हर, फायब्रोसिस एफ 3 (म्हणजे यकृतात बरेच व्रण). किती मापं घेतली, त्यांच्यात फरक किती, प्रोब कुठला, काहीच नाही. ते तपशील मागायला तीन खेपा घातल्या, तर ‘आमचा फॉरमॅट असाच असतो.’ अहो, मशीनच्या पडद्यावर हे सगळं दिसतं! छापायला काय जातं? चार महिने मी बायोप्सीच्या विचाराने झोपलो नाही. मग दुसरीकडे सकाळी उपाशीपोटी माप घेतलं. 5.9.

पण सेंटरइतकीच चूक माझीही होती. एका कागदावर विसंबून मी घाबरलो आणि त्या कागदात काय नाही हे पाहिलंच नाही. तुम्ही आधी पूर्ण प्रिंटआउट मागा. त्यावर किमान दहा वैध मापं हवीत. कडकपणाच्या आकड्याशेजारी ‘आयक्यूआर/मीडियन’ (मापं आपसांत किती विखुरली आहेत ते) असतं, ते 30 टक्क्यांच्या आत हवं. त्याहून जास्त असेल आणि कडकपणाही जास्त दाखवत असेल, तर मी तरी तो आकडा धरणार नाही.

कॅपबद्दल फार घाबरू नका, असं मला वाटतं. माझ्याच दोन सकाळच्या मापांत 20 चा फरक पडला होता. तुमची 33 ची वाढ म्हणजे चरबी वाढलीच, असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि दोन्ही वेळा मशीन एकच होतं का? काही कंपन्यांची मशीनं हीच क्षीणता डेसिबल प्रति सेंटीमीटर प्रति मेगाहर्ट्झमध्ये देतात, 0.7 वगैरे. तो आकडा कॅपशी थेट ताडून पाहू नका. साधा सोनोग्राफी रिपोर्ट तर त्याहून मोघम. त्यातलं ‘ग्रेड 2’ म्हणजे किडनीच्या तुलनेत यकृत किती उजळ दिसलं, याचा बघणाऱ्याने केलेला अंदाज. थोडी चरबी त्यात निसटूनही जाते.

जाता जाता एक: एएसटी, एएलटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्सचे ताजे आकडे असतील तर डॉक्टरांना फिब-4 (त्यांवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारा हिशोब) काढायला सांगा. त्यात वय धरतात. 1.3 च्या खाली आलं तर जास्त फायब्रोसिसची शक्यता कमी, पण 35 च्या आतल्या आणि 65 च्या वरच्या लोकांना हा हिशोब तसाच लागू होत नाही. एएलटी खूप वाढलेलं असेल तर सुजेमुळेही किलोपास्कल वर जातात, तेही विचारा.

पुढचं माप सकाळी, त्याच मशीनवर घ्या. तुमच्या अंगावर जाड थर असेल तर एक्सएल प्रोब आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. मला ते टेबलावर आडवं झाल्यावर कळलं होतं.