आईच्या गंधमुक्तीला (मृत्यूनंतरच्या विधीला) दाखवायच्या व्हिडिओत किती फोटो घ्यावेत आणि तो किती मिनिटांचा असावा?

पाच मिनिटं, साठ फोटो; त्याहून जास्त नको. एक फोटो पाच सेकंद धरला की हिशेब जुळतो. घोळक्याच्या फोटोला मात्र सात-आठ सेकंद द्या, लोक त्यात स्वतःला शोधतात! तेवढे दोन-चार फोटो कमी करा.

अल्बमच्या प्लास्टिकला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नका, वरचा रंगाचा थर प्लास्टिकलाच राहतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल किंचित तिरका धरून वरूनच टिपा. धुळे-सुरतचे नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतील, त्यांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की लहान होतो आणि मोठ्या पडद्यावर फुटतो. उभ्या फोटोमागे त्याचाच धूसर भाग टाका, ताणू नका. आईचा अहिराणीतला एखादा व्हॉइस मेसेज सापडला तर तो शेवटी ठेवा आणि तेवढा वेळ संगीत पूर्ण बंद करा.

फाइल एमपी४, १०८०पी (फुल एचडी), आडवी. पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) असू द्या, जुने टीव्ही बाकीचे फॉरमॅट बऱ्याचदा वाचत नाहीत. आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच स्पीकरवर लावून बघा.

हे सगळं टीव्ही किंवा एलईडी पडद्यासाठी. कार्यक्रम दिवसा मांडवात असेल तर साध्या प्रोजेक्टरवर काहीच दिसणार नाही.