गळ, वल्हं आणि सासूबाई : कयाकवरच्या मासेमारीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कयाकमध्ये (वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीत) बसून बास नावाचा मासा पकडल्याचं दोन ओळीत लिहिलं काय आणि पत्रांचा ढीगच पडला, आणि गंमत म्हणजे "कुठला गळ वापरता" असं विचारणारे दोनच, बाकी सगळे "घरच्यांना घेऊन जायचंय" वाले. आधीच सांगतो, मी कुठला चॅम्पियन नाहीये. लहानपणी चिपळूणला वाशिष्ठीवर बांबूच्या काठीला तंगूस (नायलॉनची दोरी) बांधून गरवायचो, गांडुळं पोफळीच्या बागेतली, मासा लागला तर लागला. आता बरीच वर्षं अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला आहे, गरवणं तेच, फक्त काठी महाग झाली आणि पाय नदीत नसून प्लास्टिकच्या होडीत असतात. त्यामुळे उत्तरं अनुभवातली आहेत, काही चुका करून आलेली.

दादा, मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून येतायत. बाबा ६८ चे, पोहता येत नाही पण हौस दांडगी. त्यांना कयाकमधून मासेमारीला नेलं तर चालेल का? लायसन्स लागेल का? — राउंड रॉकहून

न्या की, पण पहिल्या दिवशी कयाकमध्ये नको. इंक्स लेक स्टेट पार्कला जा, तुमच्याकडून तास-सव्वा तास, कयाक तिथेच भाड्याने मिळतात आणि त्या तलावाची पातळी फार वरखाली होत नाही त्यामुळे काठ चिखलाचा नसतो. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही, म्हणून बाबांना सकाळी धक्क्यावर खुर्ची टाकून बसवा, छोटा गळ, त्याला गांडुळाचा तुकडा, वर लाल-पांढरा फ्लोट, आणि ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा मासा त्यांना दहा मिनिटांत खूश करून टाकेल. कयाकमधून गरवायचं तर मात्र लायसन्स हवं. १७ वर्षांच्या आतल्यांना नको, त्यावरच्या पाहुण्यांना एक दिवसाचं मिळतं, ऑनलाइन काढा. "मी नुसती काठी धरून बसलो होतो हो" हे वॉर्डनला चालत नाही. जूनचा पहिला शनिवार टेक्सासमध्ये सगळ्यांना फुकट असतो, बाबा तोवर असतील तर तो पकडा.

दुसऱ्या दिवशी दोघांची कयाक घ्या, तुम्ही मागे, बाबा पुढे. वजनाची मर्यादा ५०० पौंड लिहिली असेल तर माणसं, डबा, बर्फ, सगळं धरून साडेतीनशेच्या आत राहा, नाहीतर ती पाण्यात इतकी खाली बसते की दोघांच्या बुडाखाली तळं साचतं. कायद्याने लाइफ जॅकेट प्रत्येकाला असावं लागतं आणि १३ वर्षांखालच्यांनी घालावंच लागतं, पण बाबांचं काय नि तुमचं काय, चेन वरपर्यंत लावून घाला. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर साइज चुकली. आणि गरवायच्या आधी कंबरभर पाण्यात मुद्दाम पडा. हो, मुद्दाम. कयाक धरायची, पाय मागे मारत पोटावर आडवं चढायचं, मग कूस बदलून बसायचं. बाबांना हे जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ६८ ला अनेकांना जमत नाही, मग जिथे पाय टेकतात तिथपर्यंतच फिरवा. ब्लूगिल तिथेच असतात तसेही, मेमध्ये तर उथळातच घरटी करतात.

वाऱ्याचं मात्र माझ्याकडून शिका. बायकोला पहिल्यांदा नेलं तेव्हा वारा पाठीवर घेऊन मस्त गप्पा मारत दीड मैल गेलो, आणि परत येताना तोच वारा तोंडावर, दोन तास वल्हवतोय, हात भरून आलेत, ती पुढे बसून एक शब्द बोलत नाहीये. तो अबोला पुढे घरी दोन दिवस चालला. तेव्हापासून आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, दमलं की गळ टाकायचे आणि वाऱ्याबरोबर घरी. टेक्सासमध्ये वसंतात दक्षिणेचा वारा अकरानंतर जो सुटतो तो सुटतोच, त्यामुळे उजाडताना पाण्यात आणि दहाला काठावर पोहे.

आम्ही पाच फॅमिली, दहा पोरं, लेबर डेला (सप्टेंबरच्या सुरुवातीची सुट्टी) जायचा प्लॅन आहे. कयाक विकत घ्याव्यात का? कुठल्या? — प्लेनोहून

नका घेऊ. एकदा भाड्याने करा, मग पाचातल्या किती जणांना पुन्हा यायचंय ते बघा, माझा अंदाज दोन. घ्यायचीच वेळ आली तर वर बसायची घ्या, जिच्यात पाय आत घालून बसतात ती नको, कारण तिच्यात पाणी भरलं की ते उपसत बसायचं, वर बसायचीला तळाशी भोकं असतात, पाणी आपोआप जातं. रुंदी ३३ इंचाच्या वर, लांबी दहा ते बारा फूट. वजन बऱ्याचदा ७० पौंडांच्या पुढे जातं हे दुकानात कोणी सांगत नाही आणि मग ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवताना पाठ धरते. पायाने पॅडल मारायच्या कयाक भारी असतात, दोन्ही हात मोकळे राहतात, पण किमतीत इथे जुनी गाडी येते. मोटार लावलीत, अगदी बॅटरीवरची, तर टेक्सासमध्ये रजिस्ट्रेशन करावं लागतं.

दहा पोरांचं असं करा की एका वेळी दोनच कयाक पाण्यात, आणि काठावर एक मोठा माणूस ज्याचं काम फक्त डोकी मोजणं, त्याच्या हातात फोन नको, बिअर नको, गळही नको. आळीपाळीने ते काम घ्या. कयाकमध्ये दोघंच असले तरी गळ एकानेच टाकायचा, कारण मागे बसलेल्याचा हात मागून पुढे आला की गळ पुढच्याच्या कानात. पोरांच्या गळाची उलटी अणी पक्कडीने दाबून टाका, मासाही पटकन सुटतो आणि पोराचं बोटही. कॅटफिश लागला तर पोरांना हात लावू देऊ नका, आपल्या शिंगाळ्याचाच भाऊबंद तो, परांना काटे असतात आणि घुसला की ठणकतं.

नांगर कधीही मधल्या बाजूला बांधू नका, प्रवाहात किंवा लाटेत कयाक आडवी होते आणि उलटते. पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला बांधा. मोठा मासा आला तरी बाजूला वाकायचं नाही, जाळीने उचलायचा, डोकं कयाकच्या मधल्या रेषेत राहिलं पाहिजे, डोकं गेलं की माणूस गेलाच पाण्यात.

तुमच्या बाजूचे तलाव मोठे आहेत आणि लेबर डेला तिथे मोटरबोटींची जत्रा असते, त्यामुळे मधे जाऊ नका, कडेची खाडीसारखी आत गेलेली बोळकांडी धरा. आणि येताना कयाक उलटी करून सगळं पाणी काढा, वाळवा. झीब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले आहेत, टेक्सासात २००९ ला टेक्सोमा तलावात सापडले आणि बोटींच्या पाण्यातून इकडून तिकडे पसरत गेले, पाण्याचे पाइप बंद पाडतात. पाणी काढणं हा नियम आहे, दंड होतो.

बायकांनी टॉयलेटचं काय करायचं? कोणी लिहितच नाही यावर. — ह्यूस्टनहून

बरोबर, कोणी लिहित नाही कारण लिहिणारे पुरुष असतात, मीही. घरातून मिळालेलं उत्तर देतो: दोन तासांच्या पुढे पाण्यात राहायचंच नाही, आणि ज्या पार्कात धक्क्याजवळ स्वच्छतागृह आहे तेच निवडायचं, मासे कमी असले तरी चालतील. पाणी मात्र कमी पिऊ नका, उन्हात चक्कर येते.

सासूबाई शाकाहारी आहेत, त्या म्हणतात मारून खाता ते एक वेळ समजू शकते, पकडून सोडता हा कसला खेळ? काय उत्तर देऊ? आणि नवऱ्याला खायचे आहेत ते खाल्लेले चालतात का? मी प्रेग्नंट आहे. — एडिसन, न्यू जर्सीहून

सासूबाईंचा मुद्दा पोकळ नाहीये, माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. "सोडला" म्हणजे "जगला" असं नसतं. कडक उन्हाळ्यात पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी असतो, दमवून वर काढलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि नंतर मरतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. म्हणून मी जुलै-ऑगस्टमध्ये बासच्या मागे लागतच नाही. एरवी हात ओले करून धरा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, फोटोसाठी बाहेर काढलात तर तुम्हीही श्वास रोखून धरा, तुमचा सुटायच्या आत तो पाण्यात. गळ खोल गिळला असेल तर उपटू नका, तंगूस कापा. हे सगळं सासूबाईंना सांगून त्या पटतील असं नाही, पण त्यांना एकदा काठावर बोलवा, मासे नको तर बगळे बघतील.

खाण्याचं नीट वाचा. गोड्या पाण्यातल्या माशात पारा असू शकतो आणि जो मासा दुसरे मासे खातो, मोठा आणि म्हातारा, त्याच्यात जास्त. हा पारा मांसात असतो, त्यामुळे कातडी काढून, चरबी छाटून किंवा शिजवून जात नाही. (पीसीबीसारखी काही रसायनं चरबीत बसतात, ती छाटून कमी होतात, त्यावरून हा गोंधळ होतो.) प्रत्येक राज्य तलावागणिक, माशागणिक यादी काढतं, न्यू जर्सीचीही आहे आणि तिच्यात गरोदर बायका आणि मुलांसाठी वेगळा रकाना असतो, तो बघा. त्या पाण्याची यादीच नसेल तर सरकारी सल्ला असा की आठवड्यात एकदाच खा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. तुम्ही डॉक्टरांना विचारूनच. नवऱ्याला म्हणावं मोठा बास सोड, छोटे ब्लूगिल नाहीतर क्रॅपी आण. क्रॅपीचं मांस पांढरंशुभ्र, काटे काढायला सोपे, हळद-मीठ-आगळ लावून रव्यात तळा. कालवणासाठी कॅटफिश बरा, चिखलाचा वास येतो म्हणून त्याला आलं-लसूण आणि तिरफळ सढळ हाताने.

अजून एक, तुम्ही एप्रिलमध्ये डेलावेअर नदीवर जाणार असं लिहिलंय. नदीचा दुसरा काठ पेनसिल्व्हेनिया, तिथे १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाकमध्ये जॅकेट अंगावर घालणं सक्तीचं आहे. ऊन छान पडलेलं असतं पण पाणी बर्फाचं, त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही, पट्टीचे पोहणारे बुडतात ते याने. नवऱ्याला मेच्या शेवटी जायला सांगा.

मी पुण्यात राहतो. व्हिडिओ बघून कयाक मागवली. पवना किंवा मुळशीला मित्रांबरोबर जाऊन गळ टाकला तर कोण अडवणार? — कोथरूडहून

कयाक आधी मागवली आणि परवानगी नंतर विचारताय, अगदी आपल्यासारखं केलंत. आपल्याकडे बऱ्याच धरणांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं, म्हणजे तुम्ही "निसर्गातला" रोहू नाही, त्यांचा रोहू पकडताय. त्या गावात जा, संस्थेच्या माणसाला भेटा, कोणी पावती फाडून देतं, कोणी नुसतं चहा पाजून हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं. होडी घालायची तर धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी वेगळी, पिण्याच्या पाण्याच्या धरणात ती सहसा मिळत नाही. पवनेला दरवर्षी पोरं बुडतात ते पेपरात वाचताच, तेव्हा अडवणाऱ्यावर चिडू नका.

परवानगी मिळाली तर सकाळीच जा, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर घाटावरून पश्चिमेचा वारा येतो. थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की खाली कोणाचं तरी जाळं आहे, लांबून जा, त्यात वल्हं अडकलं तर जाळं फाटतं आणि तुम्ही उलटता. आमिषाला कणकेचा गोळा, थोडी शेंगदाण्याची पेंड मिसळून, रोहू आणि सायप्रिनस (विलायती कार्प) दोघंही घेतात. पावसाळ्यात काठाच्या गवतात लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर येताना दिसला तर त्याखाली मरळ राखण करत असतो, तिथे गळ टाकू नका, आईबाप काढलेत तर सगळी पिल्लं दुसऱ्याच्या पोटात. महसीर लागला तर सोडा. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्लं सोडतात, आणि महाडजवळ वाळणकोंडीला तर लोक देवीचे मासे म्हणून त्यांना मुरमुरे-फुटाणे घालतात, तिथे गळ घेऊन गेलात तर गावकरी तुम्हालाच कोंडीत टाकतील.

आणि मित्रांपैकी कोणी "सांगलीला कृष्णेत जाऊ, नाहीतर महाडला सावित्रीत, मोकळं पाणी आहे" असं म्हणालं तर त्याला सांगा, दोन्हीकडे मगरी आहेत. त्या मोकळ्याच असतात.